लाभपंचमीचं बानाखत

दत्तू शिर्के माझा धाकटा मावसभाऊ. बडोद्याच्या सयाजीगंजात त्याचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. लोकांचे प्रबंध बांधता बांधता केस पांढरे झाले, पण स्वतःचं काही बांधून झालं नाही. दांडिया बाजारात अजून भाड्यानेच राहतो. अशा माणसाने घरांच्या खरेदी-विक्रीत पडू नये, असं मी सांगितलं तर म्हणे, "दादा, त्याला पैसा लागतच नाही. डोकं लागतं." मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओने हे खूळ त्याच्या डोक्यात भरवलं होतं.

युक्ती बडोद्यात जुनीच आहे. फ्लॅटच्या मालकाला विसार द्यायचा, म्हणजे इथल्या बोलीत बानुं. विक्रीचा करार करायचा, ते बानाखत. मग मुदतीच्या आत जास्त भाव देणारं गिऱ्हाईक आणायचं. मोठी रक्कम ते भरतं, मधला फरक आपला. मुदत हुकली की बानुं बुडालं. गोत्रीतला एक लहानसा फ्लॅट दत्तूने असाच धरला आणि बान्यासाठी बायकोच्या, अहल्येच्या पाटल्या गहाण टाकल्या.

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हातात असतील ना?" एवढंच ती म्हणाली.

"त्याच्या आधीच आणतो."

सही मुद्दाम लाभपंचमीला केली, कारण दिवाळीनंतर गुजराती व्यापारी त्याच दिवशी दुकान उघडतो. मुदत दहा जानेवारीची. मालकाने ती तारीख घातली तेव्हा दत्तूने मान डोलावली, आणि साक्षीदार म्हणून मीही.

विहंग पटेल नावाच्या नोकरदार पोराला फ्लॅट आवडला. वडिलांना घेऊन येतो म्हणाला. वडील आले ते डिसेंबर निम्मा उलटल्यावर. त्यांनी नळ सोडून पाहिले, भिंती ठोकून पाहिल्या आणि खूश होऊन म्हणाले, "फ्लेट सरस छे. पण कमुरतां ऊतरे पछी वात."

कमुरतां म्हणजे संक्रांतीच्या आधीचा महिना. त्यात गुजराती माणूस ना लग्न ठरवतो, ना घराचं बानुं देतो. आमच्या घरांत तोच महिना धुंधुरमासाचा: पहाटे उठून देवाला गरम खिचडी, वर लोण्याचा गोळा. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून, उत्तरायणला गच्चीवर पतंग काटून, हे काही या गड्याच्या ध्यानात आलं नाही.

"त्यांची लाभपंचमी पाळलीस, मग कमुरतां कोण पाळणार होतं?" मी ओरडलो. मला त्याची फार दया आली, आणि दयेचा काडीचा उपयोग नव्हता.

बाकीच्या गिऱ्हाइकांचंही तेच उत्तर. बँकेत गेला, की कर्ज काढून फ्लॅट आपणच घ्यावा. दुकानाच्या उत्पन्नात ते बसत नाही, म्हणाले. शेवटी आम्ही दोघे मालकाकडे गेलो. पाच दिवस द्या, म्हणून दत्तूने अक्षरशः हात जोडले.

"भाई, तारीख एटले तारीख," मालक शांतपणे म्हणाला आणि आम्हाला चहा पाजला. बानुं द्यायला मुहूर्त लागतो, गिळायला लागत नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी अहल्येचं हळदीकुंकू होतं. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या. कुणीतरी पाटल्यांचं विचारलंच. "पॉलिशला टाकल्यात," ती म्हणाली. दत्तू आणि मी बाहेरच्या खोलीत ऐकत बसलो होतो.

तेवढ्यात दारात विहंग. हातात पेढ्यांचा डबा, तोंडभर हसू. कमुरतां संपताच बापलेकांनी फ्लॅट थेट मालकाकडून घेतला होता. दत्तूचं बानाखत संपलंय, असं मालकानेच त्याला सांगितलं होतं. संपलं म्हणजे काय झालं, हे त्या पोराला कुठून कळणार!

"दत्तूभाई, फ्लेट तो तमे ज बताव्यो. पहेलो पेंडो तमारो."

दत्तूने पेढा घेतला. न घेऊन करतो काय? तोंडात घातला. आवाज ऐकून अहल्या बाहेर आली. तिने डबा घेतला, देवापुढे ठेवला आणि वाटी घेऊन परत आली. विहंगच्या हातावर तिळगूळ ठेवताना बांगड्या वाजल्या.

"तिळगूळ घ्या," ती म्हणाली, "गोड बोला."