दोन सायकलींच्या रुंदीचा रस्ता

लेकीच्या फ्रान्समधल्या गावाबाहेर, द्राक्षमळ्यांतल्या रस्त्यावर तासाभरात एकच मोटार दिसली. तरी पुण्याच्या सवयीने मी प्रत्येक वळणावर सायकलची घंटी वाजवत होतो.

"अहो, कुणासाठी वाजवताय?" मागून बायको ओरडली.

पुढे सत्तरीचं एक जोडपं सामान लादलेल्या सायकलींवरून जोडीने, गप्पा मारत चाललं होतं. घंटी ऐकून दोघं हसत बाजूला झाली. हेवा त्यांच्या पायांचा वाटायला हवा होता. वाटला तो गप्पांचा. आम्ही जन्मभर रहदारीत एकामागे एक सायकल चालवली, "खड्डा!" आणि "ट्रक आला!" एवढंच एकमेकांना सांगत.

"ये की शेजारी," मी म्हणालो. ती आली, आणि मला काही म्हणजे काही सुचेना. मागून त्या दोघांचं खिदळणं तेवढं ऐकू येत राहिलं.