अण्णांचा आवाज

दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून उमरीला आई-अण्णांकडे गेले, तर स्वयंपाकघरात विळी सापडेना. आईला विचारलं, तेव्हा तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. त्या माणसानं लपवून ठेवली."

"कोणत्या माणसानं?"

बाहेर अण्णा शेंगा फोडत बसले होते. तिनं हनुवटीनं तिकडं खूण केली. "तुझ्या अण्णांचे कपडे घालून राहिलाय. दिसतो बी तसाच. पण ते न्हाईत."

मी तिची थट्टा करणार होते. पण तिचे डोळे खरंच भ्यालेले होते.

विळी खरंच अण्णांनीच ठेवून दिली होती. मागच्या अंगणात नेऊन त्यांनी मला शर्टाची बाही वर करून दाखवली. कोपराखाली लांब जखम होती, नुकती सुकत आलेली.

"ती घाबरते गं. तिचा दोष नाही."

"मला सांगितलं का नाही?"

"फोनवर ती मला ओळखते. वाटलं, निभेल."

मला काही समजेना. त्यांनी शेवग्याखाली उभं राहून मोबाइलवरून घरातला फोन लावला. मी आत गेले. आईनं फोन उचलला आणि तिचा चेहरा सैल पडला.

"अहो, कवा येणार? घरात कोणीतरी शिरलंय. जेवायला घालते मी त्याला, पण लई भ्याव वाटतंय."

खिडकीतून अण्णांची पाठ दिसत होती. "येतोच मी," ते म्हणाले. "तोवर त्याला काही करू नकोस. गरीब दिसतो बिचारा."

"बरं. तुम्ही म्हणता म्हणून."

त्याच आठवड्यात मी दोघांना लातूरला आणलं. डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला, गोळ्या दिल्या. दोघांच्या खोल्या वेगळ्या केल्या. दुपारी जेवण झालं की अण्णा गच्चीवर जाऊन तिला फोन करायचे. ती सगळं सांगायची, मग तासभर शांत झोपायची.

हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. ती त्यांनाच विचारू लागली. "आपल्या लग्नात पाऊस आला तेव्हा मांडवात काय झालं होतं?" "माझ्या आईला तुम्ही काय म्हणायचात?" अण्णा न चुकता उत्तरं द्यायचे. मी आईशेजारी बसून ऐकायचे. तिचा चेहरा काही सैल होत नव्हता.

काल तिनं बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं. मग फोनवर तळहात दाबून माझ्या कानाशी आली.

"आता आवाज बी शिकला गं त्यो."

गच्चीवर अण्णा हॅलो, हॅलो म्हणत होते.