दातांनी ऐकणारे इनास मेस्त्री

इनास मेस्त्री इंजिन दातांनी ऐकायचे. हातभर लांबीची, वापरून गुळगुळीत झालेली एक लाकडी काठी त्यांच्याकडे होती. चालू इंजिनावर तिचं एक टोक टेकवायचं, दुसरं दातांत घट्ट धरायचं आणि डोळे मिटून वाकून उभं राहायचं. वसईजवळ पापडीतल्या त्यांच्या गॅरेजात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, हा माणूस बॉनेटपाशी वाकून प्रार्थना करतोय. थोड्या वेळाने त्यांनी काठी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "कान गेले माझे. दात हायेत अजून."

मेस्त्री मूळचे पाचूबंदरचे, कोळ्यांच्या घरातले. तरुणपणी मच्छीमार बोटींवर इंजिन सांभाळायचे. बोटीच्या पोटात, डिझेलच्या धडधडीशेजारी पंधरा-सोळा वर्षं काढली आणि कान तिथेच ठेवून किनाऱ्याला आले. मग बायकोच्या माहेरच्या वाडीत, केळींच्या कडेला पत्र्याची शेड टाकून मोटारी दुरुस्त करायला लागले. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून त्यांना बरंचसं कळायचं. पाठीमागून हाक मारली तर काहीच नाही.

मी त्यांच्याकडे पोचले ती वडिलांमुळे. आम्ही चंदनसारला राहतो. अण्णांच्या किडन्या निकामी झाल्यापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार वसईला डायलिसिस. भाऊ बंगळुरूला, तो फोन करतो. मी कॉलेजात गणित शिकवते आणि उरलेला वेळ अण्णांना नेते-आणते. डायलिसिस झाल्यावर त्यांचं ब्लडप्रेशर उतरायचं, मागच्या सीटवर आडवं व्हावं लागायचं. म्हणून त्यांनी निवृत्तीच्या वेळी हौसेने घेतलेली वीस वर्षांपूर्वीची गाडी मी चालवत राहिले. चढ आला की तिच्या इंजिनातून ठकठक आवाज यायचा, कोणीतरी आतून हातोडीने ठोकत असल्यासारखा. जोरही जायचा. सपाट रस्त्यावर मात्र गाडी शहाण्यासारखी चालायची. एका गॅरेजवाल्याने प्लग बदलले. दुसऱ्याने मान हलवली, "मॅडम, इंजिन खोलावं लागेल. नायतर भंगारात टाका."

एका बुधवारी परतताना रेल्वेच्या पुलावर, ऐन चढावर, गाडी बंद पडली. डावीकडे कठडा एवढा जवळ की दार उघडेना. उजवीकडून टेम्पो घासून जात होते, मागे कंटेनरचा हॉर्न. मागच्या सीटवर अण्णा राखेच्या रंगाचे झालेले. "काच खाली कर गं," ते म्हणाले. काच खाली केली तर धूर आत आला. पुन्हा वर केली. वीस मिनिटं आम्ही त्या डब्यात बसून होतो आणि मला राहून राहून एकच वाटत होतं, की आपलं सगळं आयुष्यच असं झालंय. दोन्हीकडची दारं उघडत नाहीत. शेवटी एका रिक्षावाल्याने रिक्षा आडवी घालून वाहनं थोपवली आणि गाडी मागे ढकलत खाली आणली. इंजिन निवल्यावर गाडी सुरूही झाली. तोच म्हणाला, "ताई, पापडीला इनास मेस्त्रीकडे जा. बहिरा आहे, पण त्याला कळतं."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून रजा घेतली आणि अण्णांना घेऊन गेले. मी इंजिन खोलण्याचं विचारताच मेस्त्रींनी काठी हवेत हलवली. "कोन बोलला खोलायचा? इंजिन ठोकतंय म्हंजे इंजिन वाईट, असा नसतं. जो आवाज करतो तो चोर नसतो, टीचर. ज्याच्याकडं चोरी झाली तोच आवाज करतो."

मला ते पहिल्या दिवसापासून टीचर म्हणत. अण्णांना 'अन्ना'. त्यांनी आम्हां दोघांना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं आणि समजावलं. पेट्रोल कमी पोचलं की हवा जास्त होते, तसलं मिश्रण जास्त तापतं आणि आपली वेळ यायच्या आधीच पेटतं. पिस्टन खालून वर येतोय, तेवढ्यात वरून त्याच्या डोक्यात दणका. "उपाशी मानसाला वझं उचलायला लावला तर तो कण्हनारच. त्याचे हाडं मोडून कशाला बगता? त्याला जेवन का पोचत नाय ते बगा."

मग त्यांनी पेट्रोलच्या नळीला दाब मोजायचा काटा जोडला. गाडी जागेवर चालू असताना काटा जिथे हवा तिथेच उभा राहिला. रेस केली, किंचित हलला. "चढावर बगायला पायजे," मेस्त्री म्हणाले, आणि तसेच उभे राहिले. जवळात जवळचा चढ म्हणजे तो पूलच होता.

तेवढ्यात शेडच्या खांबावर लावलेला लाल दिवा पेटला. मोटारीच्या मागचा, ब्रेकचा दिवा. मेस्त्रींनी हात पुसले आणि घरात गेले. दहा मिनिटांनी आले. तेव्हा कळलं की आतल्या खोलीत त्यांची बायको फिलू अंथरुणाला खिळून आहे. चार वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही बरंचसं गेलं. ती हाक मारणार कशी आणि ह्यांना ऐकू येणार कशी? म्हणून मेस्त्रींनी तिच्या डाव्या हाताशी बटण दिलं होतं आणि इथे दिवा. मुलगी नाशिकला. शेजारीण सकाळी तासभर यायची, तेवढ्यात ते बाजार आणि चर्चमधला रविवारचा मिस्सा उरकायचे. बाकी चार वर्षं ते त्या दिव्याच्या टप्प्याबाहेर गेले नव्हते. गाडीची चाचणीसुद्धा चर्चच्या वळणापर्यंत आणि परत.

"गाडी ठेवून जा," ते म्हणाले. "काय तरी बगतो."

"मी बसतो ना त्यांच्यापाशी," अण्णा म्हणाले.

मी चमकून पाहिलं. घरी अण्णा दिवसभर आपला पाण्याचा पेला मोजत बसायचे. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलं होतं, त्यापलीकडे त्यांना जगात कशातच रस उरला नव्हता. मेस्त्रींना वाटलं आपण चुकीचं वाचलं. अण्णा उठून त्यांच्यासमोर उभे राहिले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मी. बसतो. आत."

काट्याची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून मेस्त्रींनी काटा समोरच्या काचेवर चिकटपट्टीने बसवला. आम्ही निघालो. मी चालवत होते. ते शेजारी बसले होते, डोळे काट्यावर. ठकठक त्यांना ऐकू येणार नव्हती, म्हणून ठरलं की आवाज सुरू झाला की मी त्यांच्या खांद्यावर हात मारायचा. चर्चचं वळण मागे पडलं तेव्हा त्यांनी एकदा मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पूल चढायला लागलो. मध्यावर आवाज सुरू झाला, मी हात मारला, आणि त्याच क्षणी ते ओरडले, "पडला!" काटा निम्म्याच्या खाली आला होता. साठीच्या पुढचा माणूस, पण तोंडावर असा आनंद, जणू जाळ्यात मोलाचा घोळ मासा सापडलाय.

पूल उतरल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि तोंड त्यांच्याकडे करून विचारलं, "पाचूबंदरला जाऊन यायचं का? तुमचे भाऊबंद असतील ना तिथे? दहा मिनिटं."

ते पश्चिमेकडे पाहत राहिले. मग मान हलवली. "नको. एकदा बाहेरची हवा लागली का मंग त्या घरात बसवत नाय. चल परत. अठरा मिन्टं झाली."

परत आलो तर आतून हसण्याचा आवाज. फिलूबाय हसत होत्या. अर्ध्याच तोंडाने, पण खदखदून. अण्णा त्यांना आपल्या ऑफिसातल्या कुठल्याशा साहेबाची नक्कल करून दाखवत होते. ती नक्कल मी लहानपणी पाहिली होती, त्यानंतर कधीच नाही. मेस्त्रींना हसणं ऐकू येत नव्हतं. ते दारात उभे राहून नुसते बायकोचे हलणारे खांदे पाहत होते.

दोष सापडायला मात्र आणखी दोन तास लागले. पेट्रोलचा फिल्टर बदलला, फरक नाही. टाकीतला पंप काढून पाहिला, ठणठणीत. दुसरा कोणी असता तर पंपच बदलून मोकळा झाला असता. "पयला इचार, मंग पाना," मेस्त्री म्हणाले. बॅटरीपाशी मीटर लावला, करंट पुरेपूर. पंपापाशी लावला, कमी. मग मागची सीट उचलून ते एकेक वायर बोटांनी चाचपत गेले, आणि जिथे पंपाची अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडली होती तिथे थांबले. बोल्टखाली नुसता गंज. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात पाणी साचतं, त्याची ही करामत. चढावर पेट्रोल जास्त लागायचं, पण तापलेल्या जोडात करंट अडायचा, पंप मंदावायचा, दाब पडायचा, आणि ठोके खायचं इंजिन. मेस्त्रींनी पत्रा घासून चकचकीत केला, नवा बोल्ट लावला, वर ग्रीस फासलं. "एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. पन एवढं बगायला कोनाला येळ नाय."

त्यानंतर गाडी नीट चालायला लागली तरी आम्ही जात राहिलो. दर रविवारी दुपारी अण्णांना मी पापडीला सोडायची. ते फिलूबायना पेपर वाचून दाखवत, पाण्याचे दोन घोट त्यांच्यासमोरच पीत. "आज कोटा संपला माझा," असं म्हणत, आणि त्यांना मोह नको म्हणून फिलूबाय डाव्या हाताने आपला पेला लपवत. मेस्त्री बाहेर काम करत आणि मी शेडमध्ये पेपर तपासत बसे.

अशाच एका रविवारी ते माझ्याकडे पाठ करून एका जुन्या जीपच्या बॉनेटमध्ये वाकले होते. त्या आठवड्यात अण्णांना दोनदा हॉस्पिटलात ठेवावं लागलं होतं. ज्या बदलीची सात वर्षं वाट पाहिली, ती पुण्याची बदली मी नाकारली होती. मेस्त्रींना ऐकू येत नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच बोलले. अगदी हळू म्हटलं, "कधी कधी वाटतं, गाडीत बसावं आणि निघून जावं. कोणाला न सांगता."

त्यांचा हात थांबला. जीपचा बाजूचा आरसा त्यांच्या समोरच होता आणि त्यात त्यांना माझा चेहरा दिसत होता, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते वळले नाहीत. नेहमीचा चढा आवाजही नव्हता. किती हळू बोलतोय हे त्यांना स्वतःला कळलं असेल का, कोण जाणे.

"मलाबी वाटतं," ते म्हणाले. आणि पुन्हा पाना फिरवायला लागले.

तेवढंच. त्यांनी मला कर्तव्य सांगितलं नाही, देवाची इच्छा सांगितली नाही. पण मला जी लाज वाटत होती, इतकी वर्षं, ती त्या दिवशी निम्मी उतरली. प्रेम असलं तरी माणसाचा जीव कोंडतो, आणि कोंडला म्हणून प्रेम खोटं होत नाही, हे मला कुणा शिकलेल्या माणसाने नाही, त्या वाकलेल्या पाठीने शिकवलं.

त्याच वर्षी थंडीत अण्णा गेले. मेस्त्री शेजारणीला बसवून आले, चंदनसारपर्यंत, रिक्षाने. अण्णांच्या पायांशी उभे राहून सगळ्या जमलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अन्ना, फिलू विचारते तुमाला." मग घड्याळ पाहिलं आणि गेले. रविवारी मी एकटीच जायला लागले. पेपर मी वाचायची, पण नक्कल मला येत नव्हती.

फिलूबाय पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. महिन्याने चर्चमध्ये त्यांच्यासाठी झालेल्या मिस्सानंतर मी भेटायला गेले तेव्हा मेस्त्री शेडमध्ये नुसतेच बसले होते. जीप, स्कूटर, काही नव्हतं. "काम बंद केलं?" मी विचारलं. "करायचा कशाला?" म्हणाले. "आता कुठंबी जाऊ शकतो. पन पाय गेटपाशी आले का आपोआप वळतात."

मी गाडीचं दार उघडून धरलं. ते बसले.

कुठे जायचं हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हायवेला लागून उत्तरेकडे वळले. मनोरला चहा घेतला. मी म्हटलं, "परत फिरायचं?" ते म्हणाले, "थोडं पुढं." दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातशेतं, लांबवर डोंगर. त्यांनी काच पूर्ण खाली केली आणि हात बाहेर काढला, लहान मुलं काढतात तसा. चारोटी गेलं. पुन्हा विचारलं. "थोडं."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. मुलीने नाशिकला नेलं आणि तिथेच, झोपेत, गेले. मातीला मी गेले होते. पण त्यांची आठवण निघाली की मला ती माती आठवत नाही, ती दुपार आठवते. तलासरीच्या पुढे पाट्या गुजरातीत दिसायला लागल्या तेव्हा मी गाडी कडेला थांबवली आणि त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, "मेस्त्री, राज्य संपलं. आता?"

त्यांनी डोळे पुसले. वाऱ्याने आलं होतं ते पाणी की आणखी कशाने, मला सांगता येणार नाही.

"घरी कोन वाट बगतंय आपली, टीचर?" ते म्हणाले. "जाऊ दे अजून थोडी."

मी आरशात पाहिलं, रस्ता मोकळा होता, आणि गाडी गियरमध्ये टाकली.