झोळीची खोड

काष्टीच्या बाजारात जुना लष्करी माल विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला फसवले. सत्तर-एकाहत्तरचा उन्हाळा असेल. माल खोटा नव्हता. जाड खाकी सुताची, जाळीसारखी विणलेली, दोन झाडांना बांधून झोपायची झोळी होती, दोन्ही टोकांना लोखंडी कड्या, आणि एकही गाठ सुटलेली नव्हती. तरी फसवले.

त्या काळी मी लोकांना बैल घेऊन देत असे. मी सालगड्याचा मुलगा. माझी जमीन आणि विहिरीवरचे इंजिन मी बाजारात उन्हात उभे राहून कमावले. बैलाचा सौदा आमच्याकडे रुमालाखाली होतो. दोघे हात झाकून एकमेकांची बोटे दाबतात, भोवतीच्यांना भाव कळत नाही. त्याआधी बैल चालवून, बसवून, उठवून पाहायचा आणि विकणाऱ्याने त्याची खोड सांगायची. मारका आहे, औताला बसतो, पाण्याला बुजतो, जे असेल ते. खोड लपवली तर बैल परत. हा नियम मी भल्याभल्यांना पाळायला लावला आहे, वेळ पडली तेव्हा गचांडी धरून.

म्हाताऱ्याने झोळी दोन बाभळींना बांधली होती आणि तो स्वतःच तीत पडून होता.

"काय मामा, इकायची हाय का झोपायची?" मी विचारले.

"झोपूनच इकायची आसती ही. बाजंवर पाठ आशी टेकती का, बगा."

माझी पाठ तेव्हा फार दुखायची. मी भाव विचारला. त्याने पडल्या पडल्या हात बाहेर काढला, मी वर रुमाल टाकला. बराच वेळ ओढाताण झाली.

"पाव्हणं, बोटं हायती का अडकित्ता?" तो ओरडला आणि कबूल झाला. मग म्हणाला, "समोरनं येवढी काडीपेटी आना की. बिडी इजली."

मी काडीपेटी आणायला गेलो. परत आलो तेव्हा तो खाली उभा होता आणि झोळीची गुंडाळी त्याच्या काखेत होती. म्हणजे तो झोळीत बसताना मी पाहिला नाही आणि उतरतानाही नाही.

विहिरीजवळच्या दोन कडुनिंबांना मी झोळी बांधली. दोर म्हटला की आमचा हात आपोआप ताणतो, दावे काय आणि कासरा काय. तशीच ताणून, कमरेच्या उंचीला बांधली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे दोघे भाऊ आले. त्यांना बैलजोडी घ्यायची होती आणि मला बरोबर न्यायचे होते. मी म्हटले, आधी ही वस्तू बघा. बाजेच्या कडेवर बसावे तसा झोळीच्या कडेवर बसलो आणि दोन्ही पाय वर टाकले. झोळी फिरली. मी पाटाच्या दगडांवर पाठीवर पडलो आणि जाळी तोंडावर आली.

धाकटा हसत सुटला. "दादा, मुसकं घातलंय जनू यान्ला!"

थोरला हसला नाही. त्याने मला हात देऊन उठवले, माझा फेटा सारखा केला आणि म्हणाला, "तुमी पडा आता. बैल आमचं आमी बगतो."

तेवढ्या एका वाक्याने माझा धंदा खाली आला. चहाच्या दुकानात लोक बोलू लागले, "ज्याला झोळीनं पाडलं त्यो बैलाची खोड काय वळखनार?" पुढच्या बाजाराला एकही माणूस मला बोलवायला आला नाही.

दुपारी इंजिन चालू असताना करायला दुसरे काही नव्हते, म्हणून मी झोळीच शिकलो. दोर सैल करायचा, इतका की मधला भाग गुडघ्याच्या उंचीला यावा. झोळीकडे पाठ करून उभे राहायचे, दोन्ही हातांनी जाळी पसरायची, आणि कडेवर न बसता मधोमध, पलीकडची बाजू अंगाखाली घेऊन बसायचे. सगळा भार कमरेवर आला की पाय आणि डोके एकदम वर घ्यायचे. आणि सरळ लांबीत झोपायचे नाही, तिरके झोपायचे. तिरके झोपले की पाठ सपाट राहते, सरळ झोपले की माणूस वाकलेल्या काकडीसारखा पडून राहतो. उतरताना दोन्ही पाय एका बाजूला सोडून आधी बसायचे, तळवे जमिनीला पूर्ण टेकले की मगच उठायचे. एवढेच आहे. म्हाताऱ्याला हे चार वाक्यांत सांगता आले असते.

पुढे एका बाजारी तो पुन्हा दिसला. मी बैलांच्या दलालांसमोर त्याला धरले. "खोड का न्हाई सांगितली?"

"कसली खोड?"

"अंगावरनं पाडती."

"ती काय बैल हाय? झोळीला न्हाई खोड, बसनाऱ्याला हाय."

दलाल खो खो हसले. याच लोकांच्या सौद्यांत मी साक्षीला उभा राहिलेलो होतो. मी आवाज चढवला. "मग ऐन उतरताना मला काडीपेटीला का धाडलं?"

त्यावर म्हातारा आपला माल आवरू लागला. दलालांनी त्याला हटकले नाही. एक जण मला म्हणाला, "जाऊ द्या की, येवढ्याशा झोळीपायी कशाला डोकं तापवता?"

झोळी मी परत केली नाही. तिने माझ्या पाठीला आराम दिला, हे मी नाकारत नाही. पण लोकांनी मला बैलाला बोलवायचे जे सोडले ते कायमचे. पुढे मी लिंबाच्या व्यापारात पडलो, तिथे पैसा मिळाला. बाजारात माझ्या शब्दाला जे वजन होते ते मिळाले नाही.

म्हातारा आता हयात नसेल. ते दलाल आहेत, आणि त्यांतले काही आज बाजाराचे जाणते म्हणून मिरवतात. त्यांनी उत्तर द्यावे. दोष लपवून विकलेला बैल तुम्ही परत करायला लावत होता. मग माझ्या वेळी तुम्ही विकणाऱ्याला एक प्रश्नही न विचारता घेणाऱ्याला हसलात, ते कोणत्या नियमाने?