पंचवीस बहमनचा नाताळ

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. दोन बिऱ्हाडांत भिंत एकच असली आणि तीही कुडाची, की ते पलीकडून आपोआप येतात. लातूरला माझ्या आणि दानियलरावांच्या घरात अशी एक भिंत होती. शिवाय आम्ही दोघंही एकाच निजामी कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. त्यामुळे घरात हुकलेला किस्सा दुसऱ्या दिवशी ऑफिसात मिळायचा! पेन्शनीत निघून इतकी वर्षं झाली, पण त्या घरचा नाताळ अजून डोक्यातून निघत नाही.

त्यांच्या घरची रीत ठरलेली. नाताळच्या सकाळी बापाने येशूच्या जन्माची गोष्ट वाचायची. मग धाकट्या शमूने मातीच्या गव्हाणीत बाळ ठेवायचं. मग केक. त्याआधी कुणी तोंडात काही घालायचं नाही. अडचण एकच होती. आमच्या कचेरीत नाताळची सुट्टी नव्हती, आणि बाप कचेरीत!

*

त्यांचा नाताळचा कंदील आमचाच असायचा. दिवाळी संपली की मी तो माळ्यावर टाकायचो, आणि डिसेंबरात दानियलराव उतरवून न्यायचे. त्यावर आमच्या हिने ठळक अक्षरांत 'शुभ दीपावली' कापून चिकटवलेलं.

एकदा त्यांच्या दारात तो लागलेला बघून आमचा दिगू मला म्हणाला, "बाबा, आपली दिवाळी तिकडं राहायला गेली का?"

*

दानियलरावांच्या घरच्या मार्थाबाई केकचं पातेलं गल्लीतल्या रहीमचाचांच्या भट्टीवर पाठवायच्या. चाचांचा धंदा रोटीचा. एका नाताळला पातेलं परत आलं, तर आत केक भाकरीसारखा चपटा, आणि अंगभर भोकं!

मार्थाबाई रडकुंडीला आल्या. "चाचा, हे काय करून ठेवलंत?"

"अगं बेटी, फुगून राहिला होता की! बरं तर बरं, माझं ध्यान होतं. टोचे मारमारून खाली बसवला त्याला!"

शमूने तो केक चहात बुडवून खाल्ला. पुढच्या वर्षी चाचांनी हात आवरला आणि केक झकास फुगून आला. शमूने तो उलटापालटा करून बघितला आणि भोकाड पसरलं. "ह्याला टोचे न्हाईत! हा नाताळचा केक न्हाई!"

मार्थाबाईंनी मुकाट्याने विणायची सुई आणली. तेव्हापासून त्या घरात केकला टोचे मारतात.

*

थोरली रूथ दरवर्षी अंगणात नाटक बसवायची. तीन राजे येतात आणि बाळ येशूला नजराणा देतात, असा प्रवेश. राजांचे कपडे कुठून आणणार? पोरांनी आमच्या शेरवान्या घातल्या, कमरेला दरबारी पट्टे आवळले, डोक्यावर दस्तार, म्हणजे दरबारची पगडी, चढवली. सगळ्यात पुढे आमचा दिगू.

पाहुणे म्हणून कचेरीतले आमचे वरिष्ठ, पेशकार, खुर्चीत चहा पीत बसलेले. समोरून दस्तार येताना दिसली मात्र, ते ताडकन उठले आणि कपबशीसकट कमरेत वाकून सलाम केला!

दिगूने एक क्षण विचार केला. मग म्हणाला, "असू द्या, असू द्या. बसा."

पेशकार बसलेसुद्धा.

रूथने राजाला विचारलं, "महाराज, कुठून आलात?"

"रेणापूरहून. बैल लई हळू चालून राहिले."

*

आता सुट्टीचं. एका वर्षी दानियलरावांनी हिय्या केला आणि मोठ्या साहेबांपुढे उभे राहिले. साहेब हैदराबादचे. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता.

"तुमची ईद कोणत्या तारखेला?"

"दरसाल पंचवीसला, साहेब. तारीख ठरलेली असते. हलत नाही."

"बहुत खूब!" म्हणून साहेबांनी रजा मंजूर केली. पंचवीस बहमनची! आमच्या कचेरीत महिने फसली, म्हणजे निजामी सालाचे, आणि तेव्हा बहमन चालू होता. तो पंचवीस बहमन आला नाताळानंतर चार-पाच दिवसांनी.

नाताळला दानियलराव कचेरीत. घरी गव्हाण रिकामी. पोरं उपाशी बसली, आणि दुपारी मार्थाबाईंनी हार मानून वरणभात वाढला. शेवटी रूथने निकाल दिला, "पपाला सुट्टी असंल तवाच बाळ येईल." बाळ पंचवीस बहमनला आलं.

दुसऱ्या वर्षी दानियलराव पुन्हा गेले. "साहेब, खरी तारीख जरा अलीकडे असते."

साहेब दुखावले. "मियाँ, गेल्या साली पंचवीस बहमनला झाली की नाही? आणि हलत नाही असं तुम्हीच म्हणालात!"

कचेरीत एकदा घडलं की त्याचा पायंडा होतो. मग साहेब होते तोवर दरसाल तेच. नाताळला बाप डबा घेऊन कचेरीत, आणि पंचवीस बहमनला घरी गोष्ट, बाळ, टोच्यांचा केक.

*

मग निजामाचं राज्य गेलं. साहेब हैदराबादला गेले, बहमनही गेला. नव्या सरकारने नाताळची सुट्टी जाहीर केली, अगदी पंचवीस डिसेंबरला! दानियलराव पहाटेच उठले, दाढी केली. घरात सगळी माणसं हजर असलेला त्यांचा तो पहिला नाताळ. मी भिंतीला कान लावला नव्हता, गरजच नव्हती.

त्यांनी गोष्ट वाचायला पुस्तक उघडलं. "शमू, बाळ आण."

शमू आता चांगला सात वर्षांचा. "आज कसं? आज तर नाताळ हाय!"

"अरे, म्हणूनच ना!"

"न्हाई पपा. नाताळला तुम्ही कचेरीत असता. बाळ तुमच्या सुट्टीला येतंय."

मार्थाबाईंनी समजावलं, रूथने दटावलं. शमूने बाळ मुठीत घट्ट धरलं आणि रडू लागला. पलीकडून पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

दुपारी मी बाजाराला निघालो. कचेरीच्या दाराला भलंमोठं कुलूप, आणि पायरीवर शेरवानी घालून दानियलराव बसलेले. मांडीवर डबा.

"अहो दानियलराव, आज सुट्टी ना? इथं काय करून राहिलात?"

त्यांनी डब्याचं झाकण काढलं.

"नाताळ," ते म्हणाले.