आकडा सापडला नाही

बहिणीने संख्याशास्त्राचा प्रबंध मराठीत लिहिला. विषय लातूर जिल्ह्यातल्या सोयाबीनच्या एकरी उताऱ्याचा. गणित करणारे संगणकाचे कोड तिने मजकुरातच बसवले होते. कोड चालले की तक्ते आपोआप भरत आणि छपाईची पाने जुळून तयार होत. तक्त्यांतले आकडेही मराठीच हवेत, हा तिचा हट्ट. त्याच जिल्ह्यातल्या मुरुडला राहणारी आमची माय प्रौढ शिक्षणाच्या वर्गात वाचायला शिकली. तिला मराठी आकडेच येतात.

प्रबंध सोमवारी द्यायचा होता. रविवारी मी नांदेडला बहिणीच्या खोलीवर पोचलो, तेव्हा पाने जुळणे बंद पडले होते. पडद्यावर इंग्रजीत तीच तक्रार येत होती: आकडा सापडला नाही. आकडा त्याच ओळीत होता.

"दादा, मराठी आकडा म्हणजे आकडाच न्हाई म्हणून राहिलंय हे."

"मग इंग्रजी ठेव. उद्या द्यायचाय."

"आन मायनं काय नुसती जिल्द बघायची?"

वर्तमानपत्राची पाने लावण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, तरी हा बिघाड माझ्या ओळखीचा नव्हता. पाने जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला जोडलेले एकेक पॅकेज तिने बंद करून पाहिले. भांडण दोन पॅकेजांचे निघाले. एक पॅकेज सगळे आकडे मराठी करत होते. दुसरे तक्त्यात दशांश चिन्हे एकाखाली एक आणत होते, आणि त्याला फक्त इंग्रजी आकडे कळत. कोणते आधी बोलवायचे, हा क्रम बदलूनही मिटेना. शेवटी आकडे बदलण्याचे काम तिने पहिल्या पॅकेजकडून काढून घेतले आणि फॉन्टवर सोपवले. आतला हिशेब इंग्रजीत, कागदावर उतरताना मात्र मराठी. पुढच्या वेळी कोड चालले आणि सगळा प्रबंध विनातक्रार बाहेर आला.

"बघ," ती एवढेच म्हणाली.

जिल्द बांधलेली एक प्रत आम्ही मुरुडला नेली. मायने चष्मा लावला, तक्त्यावर बोट ठेवले आणि एकेक आकडा मोठ्याने वाचत खाली आली. बोट थांबले.

"औशाचा उतारा मुरुडाहून जास्त? कुणी सांगितलं गं तुला?"

"मोजून आलंय, माय."

"मोजणाऱ्याला आपल्या बांधावर आण एकदा."

पुढे तोंडी परीक्षेत बहिणीला अनेक प्रश्न विचारले गेले, तिने उत्तरे दिली. तक्ता वाचून विचारलेला पहिला प्रश्न मायचा होता.