सुशीलाबाईंच्या माहेरचा ट्रक

रेल्वेच्या मालधक्क्यावर शालिग्रामबाबूंनी सगळी नोकरी काढली, पण स्वतः चालवलेलं सगळ्यांत मोठं वाहन म्हणजे स्कूटर. अशा माणसानं निवृत्तीनंतर ट्रक बांधायला काढावा, याला अख्खी समता कॉलनी हसली. सुशीलाबाई मात्र हसल्या नाहीत. ट्रक त्यांच्यासाठीच होता.

सुशीलाबाईंचं अंग हळूहळू त्यांचं ऐकेनासं झालं होतं. आधी हातातून वाटी सुटली, मग पाय ओढू लागला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हे वाढत जाणार, औषध नाही. तेव्हापासून बाईंनी एकच धोशा लावला, "हातपाय हालून राहिले तोवर मले एकदा आईपाशी न्या." आई बस्तरात, अंथरुणाला खिळलेली. थोरले भाऊ दत्तोपंत तिचं सगळं करायचे. गावाआधी नाला, त्यावर पूल नाही. पाऊस लागला की दिवाळीपर्यंत गाव तुटलं.

पण तेव्हा तर उन्हाळा लागत होता! दत्तोपंत फोनवर म्हणाले, "जावईबापू, नाला कोरडा पडला. भाड्याची जीप करा अन् घेऊन या तिले." इतकी सरळ गोष्ट. पण शालिग्रामबाबूंच्या डोक्यात वारं शिरलं होतं. "एकडाव नेऊन काहून थांबायचं?" ते बायकोला म्हणाले. "आपली गाडी करतो. भर पुरात बी निघन अशी. तुले वाटलं की माहेर!" प्रेमच होतं ते, नाही कोण म्हणतं? पण बाईंनी मागितली होती आई, आणि हे द्यायला निघाले ट्रक.

लिलावातून फौजेचा मोडीत काढलेला ट्रक आणला, चारही चाकांना जोर देणारा. शहराच्या टोकाला, टाटीबंधला, हिरालाल मिस्त्रीच्या गॅरेजात तो उभा राहिला आणि बाबूंचा मुक्कामही तिथेच पडला. आजारी बाई घेऊन निघायचं, वाटेत कोणी अडवून परत पाठवायला नको, म्हणून सगळं कायद्यात बसलं पाहिजे हा त्यांचा हट्ट. फौजी हिरवा रंग खाजगी गाडीला चालत नाही. "कोणता देऊ?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "अबोली." अबोली रंगाचा ट्रक! हिरालाल पोट धरधरून हसला, पण रंग तोच लागला. मग टायर अंगाबाहेर डोकावतात म्हणून बदलले, ब्रेक बदलले, पाणी शिरू नये म्हणून धुराचा पाइप वर नेला. आरटीओच्या दर तपासणीत काहीतरी निघायचं. नमनालाच घडाभर तेल.

तिकडे सुशीलाबाई काठीवरून वॉकरवर आल्या आणि वॉकरवरून चाकाच्या खुर्चीत. खुर्ची बाबूंनीच आणली, आणि तिच्या शेजारी बसून टायरांच्या गोष्टी सांगितल्या.

"मी चढन कशी?" बाईंनी एकदा विचारलं.

"चढशीन वं. पायरी आहे ना," मोबाइलमधून मान वर न काढता ते म्हणाले.

ट्रक पास झाला तेव्हा आषाढ कोसळत होता. त्याच आठवड्यात दत्तोपंतांचा फोन आला. आईनं अन्न सोडलं होतं, सुशीचं नाव घेत होती. नाला भरून वाहत होता. "आता तुमचा ट्रकच येऊ शकते," ते म्हणाले.

फाटकात पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. हसणारे शेजारी आता हात जोडून उभे होते. बाबूंनी खुर्ची दाराशी नेली. पहिली पायरी खुर्चीत बसलेल्या बाईंच्या छातीला येत होती. हिरालालनं आणि त्यांनी मिळून बाईंना उचललं आणि सीटवर ठेवलं. सीट फळीसारखी ताठ, तिची पाठ जेमतेम खांद्यापर्यंत. इंजिन सुरू झालं, ट्रकला हिसका बसला आणि बाईंची मान छातीवर पडली. ती त्यांना उचलता येईना. श्वास कोंडू लागला.

"बंद कर! बंद कर!" बाबू ओरडले.

मागे गादी टाकावी, तर आडवं झालं की बाईंना श्वास घेता येत नसे. उशांना टेकून त्यांना बसवायचं काम रोज रात्री बाबूच करत होते. नाल्याचं पाणी मोजलं, टायर मोजले; जिला न्यायचं तिच्याकडे एवढ्या महिन्यांत एकदाही त्या नजरेनं पाहिलं नव्हतं. भरल्या रस्त्यावर त्यांनी कपाळ बडवून घेतलं.

बाईंना पुन्हा खुर्चीत बसवलं. त्यांचे शब्दही आता जड झाले होते. "तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "आईले सांगा, मी निघाली होती."

शेजारच्या क्षमाला बाईंजवळ बसवून बाबू निघाले. हिरालालनं ट्रक नाल्यात घातला आणि तो कुठेही न अडता पलीकडे चढला. गाडी उत्तम झाली होती, त्यात वादच नाही.

म्हातारीला दिसत नव्हतं, पण इंजिनाचा आवाज तिनं ऐकला होता. तिनं जावयाचा हात चाचपून धरला. "सुशी आली? उतरून राहिली का?"

शालिग्रामबाबूंनी दत्तोपंतांकडे पाहिलं. दत्तोपंतांनी तोंड फिरवलं.

"हव," बाबू म्हणाले. "उतरून राहिली."

म्हातारीनं दाराकडे तोंड केलं आणि वाट पाहू लागली.